फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे, ते आधी पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. घरखरेदीविषयी छापून येणाऱ्या मजकुरात भाव, व्याजदर आणि शाळा-बाजाराचं अंतर यांची चर्चा भरपूर असते. दाट वस्तीतल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याला मात्र वेगळंच काही तपासावं लागतं, आणि ते तपासणं अवघड होत चाललं आहे. जुनं घर हल्ली विकण्याआधी सजवलं जातं. नवं फॉल्स सीलिंग, भिंतींना पॅनेल, जुन्या फरशीवर नवी टाइल. आमच्या मते रंग उडालेलं, ओल उघडी दिसणारं घर खरेदीदाराच्या जास्त सोयीचं. त्यातला बिघाड डोळ्यांना दिसतो आणि दुरुस्तीचा खर्च भावातून कापून घेता येतो. सजवलेल्या घरात तोच बिघाड पूर्ण भाव मोजून पदरात पडतो.

फॉल्स सीलिंगच्या वर स्लॅब असतो आणि स्लॅबच्या पोटात सळई. काँक्रीट नवं असताना त्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणा दाखवणारा आकडा) साडेबारा-तेराच्या आसपास असतो आणि अशा अल्कधर्मी वातावरणात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो (यालाच कार्बोनेशन म्हणतात), पीएच नऊच्या खाली येतो आणि सळईचं संरक्षण संपतं. स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं कव्हर जेमतेम १५ ते २० मिलिमीटर. काम निकृष्ट असेल तर त्याहूनही कमी. त्यात ओल मिळाली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो, म्हणून कव्हर फुगतं, सळईच्या रेषेत तडा जातो आणि पोपडा खाली येतो. सुरुवात बहुधा बाथरूमच्या छतापासून आणि खिडकीवरच्या छज्ज्यापासून होते. सीलिंगमधला एक दिवा उतरवला तरी मोबाइलचा कॅमेरा आत जाण्याइतकी जागा मिळते. लहान हातोडीने स्लॅबवर हलकेच ठोकून पाहावं. पोकळ आवाज आला तर कव्हर सुटलं आहे.

स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल दाखवला तर शेवटच्या पानावरच्या शेऱ्यावर थांबू नका, चाचण्या कोणत्या केल्या ते पाहा. नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटचा कठीणपणा मोजणारं उपकरण) विसंबलेला अहवाल कच्चा समजावा, कारण कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण होतो आणि हॅमरचा आकडा उगाच चांगला येतो. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली असेल तर काँक्रीटच्या दर्जाविषयी शंका घ्यावी. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टहून अधिक ऋण आकडा आला, तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या पुढे धरतात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारलं की शाबूत भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. ही चाचणी स्वस्त आहे आणि तरीही अनेक अहवालांत सापडत नाही.

‘दुरुस्ती झाली आहे’ हे वाक्यही तपासून घ्यावं. सळईच्या मागचं काँक्रीट न काढता, गंज न खरवडता वरून मसाला थापला, तर थापलेला तुकडा टिकतो आणि त्याच्या कडेलगत गंज नव्याने सुरू होतो. नव्या मसाल्यातली सळई सुरक्षित होते, शेजारच्या जुन्या काँक्रीटमधली तिच्या वाटचं गंजते. काही वर्षांनी ठिगळाभोवती ठिगळ लागतं. कॉलममध्ये उभा, सळईला समांतर तडा दिसला तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. गिलाव्यातल्या केसाएवढ्या, जाळीसारख्या रेषांना मात्र घाबरायचं कारण नाही.

आता गच्ची. वरच्या मजल्यावर घर घेत नसलात तरी चढून जा. गळती थांबेना म्हणून जुन्या कोब्यावर (गच्चीवरचा पाणीरोधक थर) नवा कोबा ओतलेला असतो. ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या, कोब्याच्या १०० मिलिमीटर थराचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतं; माणसं आणि सामान मिळून गच्चीवर जेवढा भार सहसा गृहीत धरतात, त्याहून हे जास्त. पॅरापेट, म्हणजे गच्चीच्या कडेची भिंत, गुडघ्याशी आली असेल तर गच्ची किती थर वर आली याचा अंदाज आलाच. त्यात हजार लिटरची प्रत्येक जादा टाकी म्हणजे एक टन.

बदलत्या वस्तीत तळमजल्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावं. राहत्या खोल्यांची दुकानं, क्लिनिकं, खाणावळी होतात आणि दर्शनी भाग रुंद करायला भिंती काढल्या जातात. आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभ्या, इमारतीत मधली विटांची भिंत गेल्याने बहुतेकदा मोठं बिघडत नाही. पण इमारत भिंतींवर उभी असेल, तर खालची एक भिंत निघणं म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांचा आधार निघणं. बाहेरच्या भिंती नऊ इंच वा त्याहून जाड आणि कोपऱ्यांत कॉलम नाहीत, अशी इमारत भिंतींवरची असण्याचा संभव मोठा. आपल्या घराच्या नेमक्या खाली काय फोडलं आहे, ते प्रत्येक मजल्यावर जाऊन पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारा तिरका तडा, दाराची चौकट तिरकी होऊन अडकणं, ही त्याचीच चिन्हं असू शकतात.

शेजारी बेसमेंटसाठी खोदाई चालू असेल किंवा होणार असेल, तर काळजी दुप्पट घ्यावी. जुन्या इमारतींचे पाये उथळ असतात. खड्ड्याची बाजू किंचित सरकली किंवा पाणी सतत उपसलं, की आजूबाजूची जमीन खचते. ढोबळ मानाने खड्ड्याच्या खोलीच्या दुपटीपर्यंतच्या अंतरात परिणाम जाणवू शकतो. दहा मीटरच्या खड्ड्यासाठी वीस मीटर. खोदाईआधी इमारतीची पाहणी करून तारखेसह फोटो घेतले आहेत का, तड्यांवर काचेच्या पट्ट्या किंवा मापक लावले आहेत का, हे सोसायटीला विचारा. नोंद नसली की ‘तडे आधीचेच होते’ हे उत्तर ठरलेलं. शेजारच्या प्लॉटचा मंजूर नकाशाही मागवा; आज उजेड देणाऱ्या खिडकीसमोर उद्या पार्किंगचे मजले येऊ शकतात.

पाण्याची परीक्षा बादलीने होते. सगळी इमारत पाणी वापरते त्या वेळी जाऊन दोन नळ एकदम सोडा. दहा लिटरची बादली भरायला दोन मिनिटांहून जास्त लागली तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झाले असण्याची शक्यता धरा. फ्लॅटमधले पाइप नवे आणि उभी लाइन जुनीच, असं हमखास असतं. विजेचंही तसंच. आतलं वायरिंग बदललेलं, पण मीटरपासून फ्लॅटपर्यंतची केबल मूळचीच. दोन गीझर आणि दोन एसी एकदम चालले तर भार ३० अँपिअरच्या वर जातो. गीझर लावण्याआधी आणि लावल्यावर व्होल्टेज मोजा; बारा व्होल्टहून जास्त घट झाली तर केबल किंवा जोड कमकुवत आहेत. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची हवी आणि तिचं टेस्ट बटण दाबून पाहायला हवं. बाथरूमच्या गळतीसाठी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं दार वाजवा. त्यांच्या छतावरचा डाग व्यवहारानंतर तुमचा होतो.

कागदपत्रांबद्दल वकील सांगतीलच. आम्ही एकच भर घालू: सोसायटीच्या गेल्या पाच वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा. गळती, थकबाकी, दावे, दुरुस्तीच्या वर्गणीवरून झालेली भांडणं, सगळं तिथे असतं. ‘लवकरच पुनर्विकास’ असं सांगून भाव वाढवला जातो, तोही इतिवृत्तांतच पडताळावा. नुसती चर्चा, ठराव आणि मंजूर नकाशा यांत अनेक वर्षांचं अंतर पडू शकतं, आणि तोवर राहायचं याच स्लॅबखाली. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे इमारत तपासली गेली, असंही समजू नये. बँकेचा मूल्यांकनकार प्रामुख्याने तारणाची किंमत काढतो; सळई तपासत नाही.

विसारपावतीत दोन अटी लिहून घ्याव्यात. सीलिंगमध्ये निदान तीन ठिकाणी, त्यांतलं एक बाथरूममध्ये, दीड फूट चौकोनी भाग उघडून अभियंत्याला पाहू द्यावं. आणि त्याच्या अहवालात कॉलम, बीम वा स्लॅबचा गंभीर दोष निघाला तर विसार पूर्ण परत मिळावा. सीलिंग पूर्ववत करण्याचा खर्च खरेदीदाराने उचलावा, म्हणजे विक्रेत्याला नकाराचं निमित्त उरत नाही. तरीही तो नाही म्हणाला, तर पूर्ण स्लॅबदुरुस्तीचा खर्च वजा करून भाव सांगा.

आपले,
जुन्या इमारतींची तपासणी करणारे काही अभियंते