थिसिससाठी रुग्ण किती घ्यायचे, हे कॅलेंडरने ठरवू नये

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पदव्युत्तर प्रबंधांतील सॅम्पल साइज (अभ्यासात घ्यायच्या रुग्णांची संख्या) आणि महाविद्यालयांनी एकत्र येऊन अभ्यास करण्याची सोय

महोदय,

तोंडाच्या कर्करोगातल्या एका जुन्या प्रश्नापासून सुरुवात करते. गाठ लहान आहे, मान चाचपली तर हाताला काही लागत नाही. अशा रुग्णाच्या तोंडातली गाठ काढताना मानेतल्या लसिकाग्रंथीही लगेच काढाव्यात, की पुढे वाढल्या तर बघू म्हणून थांबावे? काढल्या तर खांदा आखडतो, कित्येकांना हात वर नेता येत नाही. ठेवल्या तर आजार आतल्या आत पसरण्याची भीती. तंबाखू आणि मावा आपल्याकडे ज्या प्रमाणात खाल्ला जातो ते पाहता हा प्रश्न आपल्या प्रत्येक जिल्ह्याचा आहे.

1980 ते 2009 या काळात त्यावरच्या चार चाचण्यांचे निष्कर्ष जगात प्रसिद्ध झाले. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते, म्हणजे पद्धत चोख होती. रुग्ण मात्र एकीत 75, दुसरीत 70, तिसरीत 67 आणि चौथीत 71. यातली 70 रुग्णांची चाचणी आपल्या मुंबईतल्या टाटा स्मारक रुग्णालयातली. निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत आणि सर्जन मंडळी आपापल्या मताप्रमाणे शस्त्रक्रिया करत राहिली.

2004 मध्ये टाटामध्येच हा प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला. या वेळी आधी गणित मांडले. थांबून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 60 टक्के जगतात असे धरू. ग्रंथी लगेच काढल्याने ते प्रमाण 70 टक्के होत असेल, तर तो फरक आपल्या नजरेतून सुटता कामा नये. खरा फरक पकडण्याची शक्यता 80 टक्के हवी, आणि नसलेला फरक आहे असे वाटण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या वर नको. एवढे ठरवले की आकडा आपोआप येतो : दोन्ही गट मिळून सुमारे 710 रुग्ण. प्रत्यक्षात 500 रुग्णांच्या माहितीवरच उत्तर स्पष्ट झाले. लगेच ग्रंथी काढलेल्यांपैकी 3 वर्षांनी 80 टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. सुरक्षा समितीच्या शिफारशीवरून चाचणी तिथेच थांबवली, 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि देशोदेशीच्या उपचारपद्धतीत बदल झाला.

साडेबारा टक्क्यांचा फरक म्हणजे आठ रुग्णांमागे एक जीव. एवढा मोठा फरकसुद्धा प्रत्येकी 35 रुग्णांच्या दोन गटांत साधारण पाचपैकी चार वेळा निसटतो. हे गणित कागद-पेन्सिलीने मांडता येते. त्या छोट्या चाचण्यांतल्या डॉक्टरांचे कष्ट खरे होते, रुग्णांनी दिलेली संमतीही खरी होती. कमी होते ते रुग्ण, आणि पुरेशा रुग्णांअभावी उत्तराला 35 वर्षे लागली.

महोदय, हा इतिहास सांगण्याचे कारण असे की आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हेच दरवर्षी घडते आहे.

मी एका शासकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात संख्याशास्त्र शिकवते. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, भरायची तारीख जवळ आली की रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, आमच्या खोलीबाहेर रांग लावतात. बहुतेकांचा प्रश्न ठरलेला : ‘मॅडम, साठ पेशंट जमतील, तेवढे बसवून द्याल का?’ साठ कुठून आले? दीड वर्षात आपल्या युनिटला तेवढेच मिळतात, आणि मागच्या बॅचनेही प्रत्येक गटात तीस-तीसच घेतले होते. सिनॉप्सिसमध्ये सूत्र मात्र छापलेले असते, फोर पी क्यू अपॉन एल स्क्वेअर. हे सूत्र एखाद्या आजाराचे समाजातले प्रमाण मोजण्यासाठी आहे. दोन औषधांची तुलना करताना त्याचा काही उपयोग नाही, तरी ते तिथेही डकवले जाते. त्यातही पी म्हणजे आजाराचे प्रमाण 50 टक्के, क्यू म्हणजे शंभरातले उरलेले टक्के आणि एल म्हणजे चालणारी चूक 10 टक्के धरली तर उत्तर 100 येते. प्रमाण 90 टक्के सांगणारा एखादा शोधनिबंध हुडकला की तेच उत्तर 36 वर उतरते. मग असा शोधनिबंध हुडकला जातो. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. इमर्जन्सी ड्यूट्या करून, रात्र-रात्र जागून ती हे करतात, आणि यापेक्षा वेगळे काही करता येते हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

शस्त्रक्रियेनंतरची जखम चिघळण्याचे उदाहरण घेते. समजा, आपल्या वॉर्डात हे प्रमाण 12 टक्के आहे आणि प्रतिजैविक देण्याच्या नव्या पद्धतीने ते 8 वर येते. राज्यभरात हजारो रुग्णांचे हाल आणि खर्च वाचवणारा हा फरक आहे. तीस-तीसच्या गटांत मात्र एकीकडे तीन-चार जखमा चिघळणार, दुसरीकडे दोन-तीन. त्यावरून कोण काय सांगणार? फरक हाती लागण्याची शक्यता दहात एक इतकीही नाही. खात्रीचे उत्तर हवे तर प्रत्येक गटात सुमारे 880 रुग्ण लागतात. अपेक्षित फरक आणखी बारीक, म्हणजे 10 वरून 8 टक्के असेल, तर 3,200. आणि तीस-तीसच्या थिसिसच्या शेवटी काय लिहिले जाते? ‘दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही.’ वाचणारा त्याचा अर्थ ‘दोन्ही सारख्याच’ असा घेतो. चांगली पद्धत अशीच मागे पडते.

सगळीकडे हजारोंनीच रुग्ण घ्या, असे माझे म्हणणे नाही. गरजेपेक्षा जास्त घेणे हाही अन्यायच आहे, कारण उत्तर हाती आल्यावरही कोणीतरी कमी प्रतीच्या उपचारावर राहते. टाटाची ती चाचणी 710 ची वाट न पाहता थांबवली, ती त्यामुळेच. वेदना किंवा रक्तदाबासारखी मोजता येणारी गोष्ट असेल आणि फरक ठळक अपेक्षित असेल, तर साठ रुग्णही पुरतात. आकडा प्रश्नातून यावा, एवढेच मागणे आहे.

एका रेसिडेंटला 880 च्या दोन गटांसाठी 1,760 रुग्ण मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण सोळा महाविद्यालयांतल्या सोळा रेसिडेंटना प्रत्येकी 110 मिळू शकतात. आज हे सोळाही जण सोळा वेगळे विषय घेऊन, सोळा अपुरी उत्तरे काढून, सोळा बांधीव प्रती ग्रंथालयात ठेवतात. आपण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे प्रति-कुलपती आहात. विद्यापीठाने दरवर्षी शल्यचिकित्सा, स्त्रीरोग, बालरोग, भूलशास्त्र अशा मोठ्या विषयांत राज्याच्या उपयोगाचा एकेक प्रश्न निवडावा, एक सामाईक प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाची लेखी योजना, करावा, त्याची सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, एकदाच नोंदणी व्हावी आणि इच्छुक रेसिडेंटना त्यात सामील होऊ द्यावे. प्रबंध प्रत्येकाने आपापला लिहावा : कोणी जंतुसंसर्गावर, कोणी खर्चावर, कोणी रुग्णालयातल्या मुक्कामावर. आपल्या महाविद्यालयाच्या माहितीचे विश्लेषण त्याचे त्याने करावे, आणि सगळ्यांची माहिती एकत्र करून मूळ प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाने प्रसिद्ध करावे.

त्याला माणसे लागतील. संख्याशास्त्राची जागा रिकामी असली की सॅम्पल साइजचे काम शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात पैसे देऊन होते, हे आपल्या कानावर आले नसेल तर मी सांगते. या जागा भरा. आणि संशोधनाचे प्रस्ताव नैतिकतेच्या दृष्टीने तपासणाऱ्या एथिक्स कमिट्यांना विचारायला लावा : किती फरक अपेक्षित आहे, तो कशावरून धरला, आणि तेवढा फरक रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा का आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर प्रस्ताव परत जावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे संशोधनाच्या शास्त्रीय पायाकडे नैतिकतेचा भाग म्हणूनच पाहतात. फक्त आपल्या बैठकांत संमतीपत्राच्या मराठीवर जेवढी चर्चा होते, तेवढी या आकड्यावर होत नाही.

सर्वेक्षणात नमुना कसा निवडावा यावर जगभर वाचले गेलेले काम करणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. शेतीच्या प्रयोगांत किती वाफे घ्यायचे हे आपल्या कृषी शास्त्रज्ञांना कित्येक दशकांपूर्वी कळले होते. रुग्णांच्या बाबतीत आपण मागे राहावे, याला काहीच कारण नाही.

पुढच्या तुकडीचे सिनॉप्सिस मागवण्याआधी विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांची आणि विभागप्रमुखांची एक बैठक आपण बोलवावी, ही विनंती. पहिल्या सामाईक प्रोटोकॉलसाठी जखमेच्या संसर्गाचा प्रश्न घ्यायचा ठरल्यास त्याचे गणित आणि मसुदा करून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील संख्याशास्त्राची शिक्षिका