हेडलेस गिटार घेण्याआधी : मित्रास पत्र

मालवण

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझ्या खांद्याचीच काळजी वाटली. गणपतीपासून जत्रांपर्यंत रात्र रात्र उभं राहून वाजवायचं आणि गळ्यात चार-साडेचार किलोची गिटार, मग खांदा धरणारच. हलकी हेडलेस, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्यांचं हेड नसलेली गिटार घेऊ का, असं विचारतोयस. जरूर घे. पण आपल्या खाऱ्या हवेत ती कशी सांभाळायची ते आधी समजून घे, आणि पैसे दिखाऊ लाकडावर न घालता ब्रिजवर, म्हणजे अंगावर तारा जिथे अडकतात त्या धातूच्या भागावर घाल.

हेडलेसचं वजन साधारण दोन ते अडीच किलो भरतं. अंग लहान असतं, बऱ्याचदा आतून पोकळ कोरलेलंही असतं. पण तुझ्या खांद्याला खरा आराम मिळेल तो तोलामुळे. नेहमीच्या गिटारीत सूर लावायच्या सहा खुंट्या मिळून पाव किलोच्या आसपास वजन मानेच्या अगदी टोकाला लटकलेलं असतं. पट्ट्यावर मान खाली जाते आणि डावा हात सूर दाबण्याऐवजी ती उचलून धरण्यातच थकतो. टोकाचं वजन काढलं की गिटार जिथे ठेवशील तिथे राहते. अमेरिकन डिझायनर नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास बेस गिटारीचं हेड काढून टाकलं, खुंट्यांचं काम मागे ब्रिजकडे नेलं. पुढे त्यांच्या सहा तारांच्या गिटारी अ‍ॅलन होल्ड्सवर्थसारख्या वादकाने वाजवल्या. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्ग यांनी त्यात अंगाचा घाट आणि मानेची पाठ बदलली. त्यांच्या गिटारीची मान मागून गोल नाही, सपाट पैलू पाडलेली आहे आणि ते पैलू मानेच्या लांबीवर तिरके सरकत जातात, म्हणजे अंगठ्याला टेकायला जागा मिळते. ही मान सगळ्यांना आवडत नाही. दुकानात पाच मिनिटं वाजवून ठरवू नकोस, अर्धा तास मागून घे.

आता तारा. बहुतेक हेडलेसमध्ये तारेचं गोळीचं टोक ब्रिजमध्ये अडकतं आणि मोकळं टोक वर नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) मागच्या क्लॅम्पमध्ये अ‍ॅलन स्क्रूखाली दाबलं जातं. सूर लावायचा तो ब्रिजच्या मागच्या खाचेदार नॉबने. काही जुन्या पद्धतीच्या गिटारींना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात. त्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून तसला ब्रिज असेल तर घेऊच नकोस.

तार बदलताना सगळ्या एकदम काढू नकोस, एकेक बदल. आधी नॉब सैल करत तारेचा पकडणारा तुकडा मानेच्या दिशेला पुढे येऊ दे, पण पूर्ण टोकापर्यंत नको, दोन-तीन आटे राखून ठेव. नाहीतर पुढे सूर थोडा खाली उतरवायचा झाला तर जागाच उरणार नाही. गोळी नीट बसली का ते बोटाने चाचपून बघ. तिरकी बसली तर ती नंतर वाजवता वाजवता सरकते आणि सूर एकदम ढासळतो. मग मोकळं टोक क्लॅम्पमधून काढ, नोज प्लायरने ताठ ओढून धर आणि दुसऱ्या हाताने स्क्रू आवळ. इथेच बहुतेकांचं चुकतं. तार पुरेशी ओढलेली नसेल तर नॉबचे आटे संपतात तरी सूर चढत नाही. मग क्लॅम्प सैल करून पुन्हा ओढावी लागते. स्क्रू कमी आवळला तर तार घसरते, जास्त आवळला तर स्क्रूचं षटकोनी भोक गोल होतं किंवा बारीक तार चेपून तिथेच तुटते. लांब दांड्याची अ‍ॅलन की वापरू नकोस, तिने किती जोर लागतोय ते कळत नाही. छोटी की दोन बोटांत धरून जेवढा आवळला जातो तेवढा पुरे.

उरलेली तार कापण्याआधी जाड, गुंडाळलेल्या तारा काटकोनात वाकव आणि मगच वाकाच्या पुढे काप. सरळ कापल्या तर वरचं वेटोळं आतल्या तारेवर सैल होतं. तार नवी असूनही आवाज मुका येतो आणि दोष पिकअपला (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाला) दिला जातो.

दहा-शेहेचाळीस जाडीच्या तारांच्या सेटमध्ये नेहमीच्या सुराला प्रत्येक तारेवर सात-आठ किलोचा ताण असतो, सहा मिळून पंचेचाळीस किलोच्या पुढे. एवढ्या ताणाविरुद्ध तो छोटा नॉब बोटांनी फिरवायचा आहे. चांगल्या ब्रिजमध्ये नॉबखाली बारीक बेअरिंग असतं. स्वस्तात ते नसतं, धातूवर धातू घासतो, आणि खर्जाची ई तार, म्हणजे सगळ्यांत जाड तार चढवताना बोटं सोलून निघतात. स्वस्त ब्रिज जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, त्यांचे आटे लवकर झिजतात. ब्रिजवर पैसे घाल म्हणतो ते यासाठी. लाकूड साधं असलं तरी चालून जाईल. ब्रिज झिजला तर सूर लावायची सोयच जाते, आणि त्याच मापाचा दुसरा ब्रिज कुडाळ-सावंतवाडीत शोधून सापडायचा नाही.

खारी हवा पहिल्यांदा त्याच आट्यांवर बसते. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या फडक्याने तारा वरून आणि खालून पूस, मग ब्रिजवरचा घाम टिपून घे. महिन्यातून एकदा नॉबच्या आट्यांवर टूथपिकच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लाव. जास्त लावलंस तर त्यावर धूळ बसून लगदा होतो. क्लॅम्पच्या स्क्रूंना मात्र तेल नको, तिथे पकड हवी. पट्टीला, म्हणजे मानेवर बोटं दाबतो त्या लाकडी पट्टीला, खोबरेल लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नकोस, खोबरेल खवट होतं आणि मळ धरतं. रोजवूडच्या पट्टीला मिनरल ऑइल वर्षातून दोनदा पुरतं, आणि वॉर्निश असलेल्या मेपलला काहीच लागत नाही. तारा कोटिंगच्या घे. महाग वाटतात, पण इथे साध्या तारा फार लवकर काळवंडतात. गिटार नवीनच घेणार असशील तर फ्रेट (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) स्टेनलेस स्टीलचे आहेत का तेही विचार.

पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. पट्टीचं लाकूड फुगतं, मान हलते. ती कुठल्या बाजूला वाकली हे अंदाजाने ठरवू नकोस, मोजून बघ. खर्जाची ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबून धर आणि सातव्या-आठव्या फ्रेटशी तार व फ्रेटमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) माप. गॅरेजवाला बाइकचे टॅपेट ज्याने मापतो तेच गेज. ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर फट असली की ठीक. फटच उरली नसेल तर नटजवळच्या फ्रेटवर तारा खरखरतील. तेव्हा ट्रस रॉड (मानेचा वाक सांभाळणारी आतली सळई) थोडा सैल कर. फट जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने कस. एका वेळी अष्टमांश फेराच, मग सूर लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज. लाकूड सावकाश हलतं. ट्रस रॉड फिरत नसेल तर जोर लावू नकोस, जाणकाराकडे ने.

बॅगेत अडीचशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेव. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू दे. फार कोरडं झालं तर लाकूड आक्रसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हाताला टोचतात. एसी गाडीतून उतरून गिटार लगेच दमट मैदानावर काढू नकोस, थंड धातूवर पाणी धरतं. बंद बॅगेतच वीस-पंचवीस मिनिटं राहू दे.

स्वरस्थानं जुळवणं हे हेडलेसचं वेळखाऊ काम. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, मागे न्यायचं, उतरा लागला तर पुढे. पण बऱ्याच ब्रिजमध्ये त्यासाठी मागे स्प्रिंगचा स्क्रू नसतो. दर वेळी तार सैल करायची, खालचा स्क्रू ढिला करून सॅडल अर्धा मिलिमीटर सरकवायचं, आवळायचं, सूर लावून पुन्हा बघायचं. एक अख्खी संध्याकाळ राखून ठेव. हे नव्या तारांवरच कर, जुन्या तारा खोटं सांगतात.

सूर तपासायचा क्लिपचा ट्यूनर चिमटायला जागा नसते, म्हणून पायाशी ठेवायचा पेडल ट्यूनर घे. भिंतीवरचा हुक आणि मान धरणारा स्टँड निरुपयोगी, अंग खालून धरणारा स्टँड लागेल. सुरुवातीला डोळ्याच्या कोपऱ्यातून हेड दिसत नाही म्हणून हात एक फ्रेट पुढे-मागे पडतो. बाजूच्या ठिपक्यांकडे बघून आधी घरीच सराव कर, थेट स्टेजवर नेऊ नकोस. तळवा ब्रिजवर टेकवून तारा दाबून वाजवायची तुझी सवय आहे, म्हणून नॉब हाताला लागतात का ते दुकानातच बघ.

प्रवासात मात्र सुख आहे. ती जवळपास पाऊण मीटरची, त्यामुळे एसटीच्या वरच्या रॅकवर किंवा मांडवी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर उशाशी सहज मावते. शिवाय मागे कललेल्या हेडच्या गिटारी पडल्या की नटजवळच मोडतात, तो कमजोर सांधा इथे नसतो.

जुनी मिळत असेल तर आधी क्लॅम्पचे सहाही स्क्रू तपास, भोकं गोल झालेली नकोत. सहाही नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघ, कुठे अडकत असेल तर आट्यांत गंज आहे. ट्रस रॉड दोन्ही दिशांना थोडा हलतो का ते मालकासमोरच बघ. आणि त्याच मापाचे चार-पाच जादा स्क्रू मालकाकडून मागून घे.

ठरवलेल्या गिटारीच्या ब्रिजचे आणि क्लॅम्पचे जवळून काढलेले फोटो पैसे देण्याआधी पाठव, एक फोटो खालच्या बाजूनेही काढ. आणि गिटार हाती येईपर्यंत सध्याच्या जड गिटारीला चार इंची रुंद पट्टा लाव, खांद्याला तेवढाच आधार.

वहिनींना आणि मुलांना नमस्कार-आशीर्वाद सांग.

तुझाच,
मित्र