भारमान नाही म्हणून वाडीची गाडी बंद ठेवू नका

मा. संपादक,
सनविवि.

संगमेश्वर तालुक्यात डोंगराकडच्या एका गावात मी राहतो. आमच्याकडे एसटीची वस्तीची गाडी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री देवळात झोपायचे, कुणाच्या तरी घरून त्यांना भाकरी जायची, आणि सकाळी साडेसहाला तीच गाडी शाळा-कॉलेजची पोरं, काजूच्या पिशव्या, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं असं सगळं घेऊन सुटायची. लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती झालीच. विचारायला गेलं की एसटीवाल्यांचं उत्तर ठरलेलं, भारमान नाही, म्हणजे गाडी भरण्याएवढी माणसं नाहीत.

अहो भारमान येणार कुठून? 2001 ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजार होती, 2011 ला 16 लाख 15 हजार. वाढायची सोडून कमी झाली, सिंधुदुर्गाचीही तशीच. रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, म्हणजे कमावता माणूस मुंबईला आणि मागे बायका, म्हातारे, शाळेतली पोरं. यांच्यातल्या कितीजणांकडे बाईक आहे? ज्यांना गाडीशिवाय गत्यंतर नाही तेवढेच गावात उरलेत आणि तेच मोजून तुम्ही म्हणताय की माणसं कमी आहेत.

आमच्या शेजारच्या काकी 77 वर्षांच्या आहेत. 75 च्या वर एसटी फुकट झाली तेव्हा त्यांनी हौसेने कार्ड काढून घेतलं, ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्याजवळ ठेवलंय. बीपीच्या गोळ्या आणायच्या तर स्पेशल रिक्षाला 500 रुपये जातात, नाहीतर साडेतीन किलोमीटर चालत फाट्यावर जायचं आणि तिथे वडाप मिळेल की नाही ते नशीब. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण पावसाळ्यात संध्याकाळी फाट्यावरून एकटी पोरगी जंगलातल्या रस्त्याने घरी येणार, त्यात गवे आणि बिबट्याची भीती. वरच्या आळीतल्या एका आईने शेवटी दोन्ही मुलींना घेऊन विरारला खोली केली. वाडीतली तीन माणसं अशी गेली, आणि ती काय हौसेने गेली नाहीत.

रस्त्याचंही तेच. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाटीला 500 लोकवस्तीची अट आहे, डोंगरी राज्यं आणि आदिवासी भाग वगैरेंना 250 ची. रत्नागिरी त्या सवलतीत बसत नाही, म्हणजे कागदावर आम्ही सपाटीचे! 500 मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात म्हणे, पण आमच्या दोन वाड्यांच्या मधे वहाळ आहे, त्याच्यापुढे घाटी. चाळीस-पन्नास घरांची वाडी 500 माणसं आणणार कुठून?

आता 2027 ची जनगणना आहे, माणसं मोजणार फेब्रुवारीत, शिमग्याच्या आधी. म्हणजे चाकरमानी मुंबईतच मोजला जाणार आणि आमचा आकडा आणखी खाली जाणार. गणपतीत याच गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मुंबईहून शेकड्याने जादा गाड्या सुटतात, त्याबद्दल आनंदच आहे, पण बाकीचे साडेअकरा महिने इथे राहणाऱ्यांनी काय करायचं?

आमची मागणी फार मोठी नाही. मोठी गाडी परवडत नसेल तर छोटी द्या, पण सकाळी शाळेच्या वेळेला एक आणि संध्याकाळी एक अशा दोन फेऱ्या द्या, आणि बाजाराच्या दिवशी दुपारची एक. शाळेत जाणारी पोरं किती, 75 च्या वरचे किती, महिन्याला दवाखान्यात कोण जातं ही यादी ग्रामसभेत एका बैठकीत तयार होईल, फेरी ठरवताना भारमानाच्या जोडीला तीही बघा. आणि सुरू केलेली गाडी निदान एक वर्ष तरी चालवा, कारण गाडी नक्की येते याचा भरवसा बसल्याशिवाय फाट्यावर चालत जायची सवय लागलेलं माणूस तिची वाट बघत थांबणार नाही.

आपला,
एक वाचक, संगमेश्वर तालुका