केसपेपरच्या पाठीवरचे प्रश्न

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात साताऱ्याला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत आले होते. तुमच्या खुर्चीवर दुसऱ्याच बाई बसल्या होत्या. तुमची बदली झाली एवढंच त्यांना माहीत होतं, कुठे ते सांगता येईना. पेढ्यांचा पुडा तसाच घेऊन परतले. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या ओळखीचं कुणी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे. आणि ज्यांच्या घरात आज आमच्यासारखीच परिस्थिती आहे, त्यांच्याही हाती हे पडावं असं मनापासून वाटतं.

मी कराडची, पतसंस्थेत कॅशियर आहे. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात एका मंगळवारी आले होते. तुमच्यासमोर शंभर जणांची रांग असायची, त्यामुळे चेहरा आठवणार नाही कदाचित. पण मी मागितलं काय होतं ते आठवेल. मुलाला तीन रात्री शांत झोप लागेल अशी गोळी मला हवी होती. कारण शुक्रवारी त्याला न्यायला व्यसनमुक्ती केंद्राची गाडी येणार होती.

घरात दोघं होते. माझा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा, अकरावीत. गांजा ओढतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर त्याची झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतात त्या आपल्यासाठी इशारा म्हणून वाजवतात, असं तो म्हणायला लागला होता. दुसरे माझे धाकटे दीर, एक्केचाळीस वर्षांचे. त्यांची दारू संध्याकाळची होती ती सकाळवर आली होती. चहाचा कप धरायचा तर दोन्ही हात लागायचे. घरच्यांनी ठरवलं की दोघांना एकदमच ठेवू. एका नातेवाइकाने केंद्राचा नंबर दिला. तीन महिने, माणशी साठ हजार, माणूस तयार नसला तरी ते येऊन घेऊन जातात, भेटायचं नाही, फोन नाही, आणि शंभर टक्के हमी. मी ते पत्रक तुमच्या टेबलावर ठेवलं.

तुम्ही ते वाचलंत आणि विचारलंत, "रात्री दोन वाजता इथे कोण असतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पतसंस्थेत दहा हजारांच्या कर्जालासुद्धा आम्ही दोन जामीनदार मागतो. घरातली दोन माणसं देताना मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही मात्र मला हे ऐकवलं नाहीत. केसपेपर उलटा केलात आणि पाठीवर प्रश्न लिहायला लागलात. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, नुसतं ट्रस्टचं कागदपत्र चालणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि आल्यावर प्रत्येक पेशंटला वेगळं भेटतात का. रात्री नर्स असते की नुसता वॉचमन. फिट आली तर कोणत्या हॉस्पिटलला नेतात, गाडी कुठली. अठराच्या आतली मुलं कुठे झोपतात. संडासाला आतून कडी आहे का. घरी गेल्यावर काय. शेवटी लिहिलंत, "आत जाऊन बघू देत नसतील तर परत या."

गोळी तुम्ही दिली नाहीत. मुलाला उद्याच घेऊन या म्हणालात आणि भाऊजींनाही.

मग मी एक गोष्ट कबूल केली, जी तोवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पेशंटला न सांगता दारू सोडवायची म्हणून एक पुडी मिळते, ती मी महिनाभर भाऊजींच्या आमटीत कालवत होते. तुम्ही पेनाला टोपण लावलंत, माझ्याकडे वळून बसलात आणि शांतपणे समजावलंत. अशा पुडीत काय असतं ते आपल्याला कळत नाही. दारू पचू न देणारं डायसल्फिराम नावाचं औषध त्यात असलं आणि वरून माणूस दारू प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध खरं आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सगळं सांगून आणि त्याच्या तयारीनेच. मी रडायला लागले, तेव्हा तुम्ही खिडकीजवळच्या माठातलं पाणी आणून दिलंत. रांगेतून कुणीतरी ओरडलं तर म्हणालात, "थांबा जरा, इथे पेशंट आहे." माझ्या नावाचा केसपेपर नव्हता तरी.

त्या रात्री आम्ही शुक्रवारची गाडी रद्द केली. घरात भांडण झालं, ते सांगत बसत नाही.

पत्रकातलं ते केंद्र मी तरीही बघून आले. नाव लिहीत नाही. वर जायच्या जिन्याला लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप. दाराशी खिळ्याला एक गोणी टांगलेली होती, खताची, तोंड सुतळीने बांधलेलं. आत काय आहे विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "पेशंटच्या चपला. पळून जात नाहीत मग." वर हॉलमध्ये तीसेक माणसं भिंतीला टेकून बसलेली, सगळ्यांची डोकी भादरलेली. त्यांच्यात एक पोरगा डाळ वाढत होता, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. माझ्या पर्सच्या चेनला घराच्या किल्ल्या लटकत होत्या, त्याची नजर त्यांच्यावरच होती. मी विचारलं, डॉक्टर कधी येतात? रविवारी. रात्री? आम्हीच असतो, आम्हीपण पूर्वी पेशंटच होतो. आणि कुणाला फिट आली तर? "इथे येऊन सगळे सरळ होतात."

कागदाची घडी पर्समध्ये होती. संडासापर्यंत जाऊ दिलं नाही. मी जिना उतरून आले.

त्या हॉलमध्ये मला जे नुसतंच वाईट वाटलं होतं, ते बेकायदेशीरही आहे हे तुम्ही दुसऱ्या भेटीत सांगितलंत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनाचे आजारही मानसिक आजारच धरले आहेत. त्यामुळे पेशंटचे सगळे हक्क अशा माणसालाही आहेत. जबरदस्तीने डोकं भादरायचं नाही. साखळीने बांधायचं तर कुठल्याही कारणाने नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, घरच्यांशी बोलायचा आहे. सज्ञान माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध भरती करायचं तर फार कडक अटी आहेत, आणि गाडी पाठवून उचलून आणणं त्यात कुठेच बसत नाही. लहान मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायलाच हवं, आणि मूल दाखल असेतो पालकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या कुणीतरी सोबत राहायचं असतं. हे शेवटचं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तीन महिने भेटायचं नाही ही अट मी शिस्त समजून मान्य केली होती.

भाऊजींचं तर रात्री कोण असतं या प्रश्नानेच भलं झालं. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडून त्याला खोलीत बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ, हे तुम्ही बजावलं होतंत. म्हणून केंद्राच्या आधी त्यांना सिव्हिलच्या वॉर्डात घेतलं. पहिल्या दिवशी घाम आणि थरथर. थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं सुरू झाली, दारू उतरतानाची औषधं सुरू झाली. तिसऱ्या रात्री ते चादरीवरून मुंग्या झटकायला लागले. चादर स्वच्छ होती. मला "वहिनी" म्हणून ओळखत होते आणि दुसऱ्या क्षणी गावातल्या विहिरीवर आहोत असं बोलत होते. मी ड्यूटीवरच्या सिस्टरना उठून सांगायला गेले, तर त्या आधीच निघाल्या होत्या. डॉक्टर आले, डोस बदलला, रात्रभर नाडी बघत होते. घड्याळात तेव्हा पावणेदोन वाजले होते. त्या हॉलमध्ये ती वेळ आली असती तर, याचा विचार मी अजूनही फार वेळ करू शकत नाही.

चांगलं केंद्र ओळखायचं कसं, हे मात्र मला वाटलं होतं त्याच्या उलटंच निघालं. आम्ही शेवटी जिथे गेलो, तिथल्या बाईंनी पहिल्यांदा आम्हाला नाहीच म्हटलं. मुलाच्या बाबतीत म्हणाल्या, "त्याला भरती लागेलच असं नाही. आधी नीट तपासणी होऊ दे. गांजा आहे, पण त्याच्या आडून दुसरा आजारही असू शकतो, दोन्हींवर एकत्र उपचार झाले पाहिजेत. आणि त्याच्या वयाच्या मुलांची वेगळी सोय आमच्याकडे नाही." पैसे द्यायला बसलेल्या माणसाला नको म्हणणारी जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. भाऊजींबद्दल विचारलं, बरे होतील ना? त्यावर हमी नाही दिली. म्हणाल्या, पुन्हा प्यायची वेळ येऊ शकते, तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवू. भिंतीवर प्रमाणपत्र होतं. रात्रीच्या नर्सचा तक्ता नोटीस बोर्डावर होता. संडासाला आतून कडी होती. चपला दाराशी, ओळीने.

आमच्या महाराष्ट्राला हे नवीन नाही, याचीही खंत वाटली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभं केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या आधाराने. इतक्या वर्षांपूर्वी व्यसनी माणसाला माणसासारखं वागवायची वाट घालून दिलेली असताना, गोणीत चपला बांधणाऱ्याच्या हाती आपण आपली माणसं देतो. आपल्याला माहिती नसते, घाई असते, आणि लोकांना कळू नये म्हणून आपण कुणाला विचारतही नाही. मी तर आमच्या आळीतल्या डॉक्टरांनाही विचारलं नव्हतं.

मुलाला शेवटी अकरा दिवस दाखल करावं लागलं, हॉस्पिटलमध्ये, मी त्याच्या शेजारच्या कॉटवर. पहिले चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कँटीनची असेल. त्याने मान वर केली, ऐकली, आणि म्हणाला, "भात झाला असेल." मी तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसले. त्याचं एक वर्ष गेलं. औषध अजून चालू आहे, स्वतःच्या हाताने घेतो. मध्ये दोनदा मित्रांमध्ये जाऊन आला, आम्ही न ओरडता डॉक्टरांकडे गेलो. आता बारावीला बसतो आहे.

भाऊजी केंद्रात पस्तीस दिवस राहिले. नंतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जायला लागले. दारूने पोळलेल्या दोघांनी १९३५ साली अमेरिकेत सुरू केलेली ही संघटना, आणि आज आमचे भाऊजी दर गुरुवारी कराडात त्याच पद्धतीने एका खोलीत बसतात, फी नाही. गेल्या गणपतीत ते पुन्हा प्यायले. विसर्जनाच्या रात्री. पूर्वीसारखं झालं असतं तर घरात भांडी आपटली असती. पण काय करायचं ते ठरलेलं होतं. नवऱ्याने केंद्राला फोन लावला, रात्री साडेअकराला, आणि तिथे माणूस फोनवर होता. सकाळी गेले, चार दिवस राहून आले. त्यानंतर आजपर्यंत नाही.

सिस्टर, तुमच्या त्या कागदाच्या मी आतापर्यंत बऱ्याच झेरॉक्स काढल्या आहेत. काउंटरवर एखादी बाई दागिने तारण ठेवायला येते, कशासाठी विचारलं की खाली बघून "ह्यांना ठेवायचंय" म्हणते. मी कॅश मोजायची थांबते आणि ड्रॉवरमधून एक प्रत काढून देते. खाली मी माझ्या अक्षरात दोन नंबर जोडलेत. एक मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेली मानसचा, १४४१६, आणि दुसरा व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा, १४४४६. एकीने परत येऊन सांगितलं की संडासाची कडी बघायला गेले म्हणून त्यांनी मला हाकललं, तर मी पैसे न भरताच आले. तारण ठेवलेल्या बांगड्या तिने सोडवून नेल्या.

मूळ कागद माझ्याकडे कपाटात आहे. घडीवर फाटायला आला होता, मागून चिकटपट्टी लावली आहे. त्यावर कोपऱ्यात तुम्ही पेन चालतं का बघायला मारलेल्या तीन रेघाही आहेत.

गावाकडे गुऱ्हाळं सुरू झाली आहेत. भाऊजी यंदा स्वतः रस आणि काकवीचं बघतात. तुम्ही कुठे आहात ते कळवा, नव्या गुळाची ढेप घेऊन ते स्वतःच येणार म्हणतात.

तुमची कृतज्ञ,
कराडची कॅशियर बाई