लंगोटांची लायब्ररी

मँचेस्टर,
२३ नोव्हेंबर

प्रिय आई, बाबा,
ती. आजीस साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही मजेत आहोत. हे आधीच लिहिलं म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. ओजसचा ताप आला त्याच दिवशी उतरला. खोकला आहे, पण दिवसाचा. खालचा आणखी एक दात दिसायला लागलाय.

पत्र लिहायचं कारण आजी. व्हिडिओ कॉलवर तिला काही ऐकू येत नाही, ती आपली 'हो हो' करत राहते आणि फोन ठेवल्यावर तुम्हाला विचारते, काय म्हणत होती गं मनू? तेव्हा बाबा, तुम्ही तिला खणखणीत वाचून दाखवा. शेवटचं पान मात्र आधी तुम्ही दोघंच वाचा.

दुसरं कारण परवाचा फोन. आई, तू म्हणालीस, "एवढ्या लांब जाऊन लंगोटच धुवायचे होते तर इथे काय वाईट होतं? डायपर परवडत नाहीत का तुम्हाला?" त्यानंतर फोन कट झाला तो रेंज गेली म्हणून नव्हे. मी ठेवला. चुकलं.

डायपर परवडतात गं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि घरात एक पुडा असतोच. पण आमच्याकडे कचऱ्याचा मोठा डबा नेतात पंधरा दिवसांतून एकदा. ओजसचे पंधरा दिवसांचे डायपर त्यात कोंबल्यावर तो उघडायचा धीर अमेयलासुद्धा होत नव्हता. आपल्याकडे निदान कचरा न्यायला येणाऱ्या ताई रोज दारात येतात. डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणून तुला सांगायच्या ना? मी तिथे असताना एकदाही काढला नव्हता. त्या बायका हातानं तो कचरा वेगळा करतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आता लंगोट. तुझ्या डोळ्यांपुढे तो तिकोनी, नाडीचा येत असेल, शिवाय सौरभच्या वेळच्या त्या रात्री. मला आठवतंय, पावसाळ्यात आजी शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवायची आणि सगळ्या घराला ओव्याचा नि धुराचा वास यायचा. तू रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचीस. मी तसं काही करत नाही. मी उठतच नाही! (बरं, एकदा उठते. पण ते त्याच्या दातांमुळे.)

हे सुरू कसं झालं ते सांगते. इथे लंगोटांची लायब्ररी असते. हसू नका. खरंच लायब्ररी, नावसुद्धा तेच, नॅपी लायब्ररी. बाबा, तुमचं नगर वाचन मंदिर १८४८ पासून पुस्तकं देतंय, तसे हे लोक लंगोट देतात. शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये दोन टेबलं मांडलेली. त्यावर वीस-पंचवीस तऱ्हेचे कापडी लंगोट रंगांप्रमाणे लावलेले. मागे दोघी-तिघी बायका, सगळ्या लेकुरवाळ्या, कुणालाही पगार नाही. आधी चहा, मग बिस्कीट, मग 'किती तास झोपतो? पालथा की उताणा?' अशी चौकशी. मग एका कापडी अस्वलाला लंगोट नेसवून दाखवतात. नाव, पत्ता लिहून घेतात, डिपॉझिट ठेवतात आणि वेगवेगळ्या जातींचे दहा-बारा लंगोट पिशवीत घालून महिनाभरासाठी देतात. महिन्यानं धुऊन परत करायचे, डिपॉझिट परत घ्यायचं. कुठला आपल्या बाळाला बसतो ते कळलं की मग विकत घ्या, नाहीतर घेऊ नका. गळणारा निघाला तर ज्या बाईनं सुचवला ती बिचारी 'सॉरी' म्हणते, जणू तिनंच शी-शू केली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा तास मला वाटत होतं की हे लोक शेवटी काहीतरी विकणार, नाहीतर येशूबद्दल बोलणार. दोन्ही झालं नाही. एकीनं ओजसला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, तू चहा गरम असतानाच पी. तिथे मला एकदम रडूच आलं. का ते विचारू नका, झोप झाली नव्हती.

दुसऱ्याच्या पोराचे लंगोट? असं तू म्हणणार, म्हणून आधीच उत्तर. ओजसच्या बारशाला पहिलं झबलं कुणाचं घातलंस? मृण्मयीच्या लेकाचं. कारण काय, तर नवं कापड टोचतं आणि दुसऱ्या बाळाचं घातलेलं लाभतं. मग?

खरी परीक्षा रात्रीची असते. दिवसा दर दोन-तीन तासांनी बदलता येतं, रात्री हा गृहस्थ सात ते सहा, अकरा तास झोपतो. लायब्ररीतला एक लंगोट मला फार आवडला, हलका, पटकन वाळणारा. तिसऱ्या रात्री तीन वाजता अंथरूण, कपडे, तो स्वतः, सगळं ओलंचिंब. आतली घडी मायक्रोफायबरची होती, म्हणजे गाडी पुसायच्या फडक्याचं कापड. ते पाणी झटकन ओढतं, पण त्यावर भार आला की स्पंजसारखं सोडूनही देतं. आणि आमचा हिरो रात्री पालथा पडतो, गुडघे पोटाशी, ढुंगण वर. (मी उताणाच ठेवते, तो स्वतः वळतो. काळजी नको.)

मग त्या बायकांनी शिकवलं. लंगोट नुसत्या खिशाचा, म्हणजे आत घडी सरकवायचा नाही, पूर्ण पाणी पिणाऱ्या कापडाचाच घ्यायचा. आत सुती किंवा बांबूच्या धाग्याची घडी, आणि तिच्याखाली हेंपची. हेंप म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा धागा, आजीला हे वाक्य गाळा. तो सावकाश पितो पण पुष्कळ धरतो, म्हणून खाली. या जादा घडीला इथे बूस्टर म्हणतात, नाव लशीसारखं, पण आहे आपली दुपट्याची घडीच. मुलग्याला ती पुढच्या बाजूला जाड हवी. अंगाला लागतो तो फ्लीसचा पातळ पदर, त्यातून ओल खाली उतरते आणि कातडी कोरडी राहते. मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या वळीत बसलं पाहिजे, बाहेर राहिलं की संपलं. आणि लंगोट अगदी झोपायच्या वेळी बांधायचा, जेवायच्या आधी नाही. ही शेवटची अक्कल मला दोन चादरी धुतल्यावर आली.

आजी, तुझ्यासाठी दोन गोष्टी. नवा हेंप आणला तेव्हा पाणी त्यावर थेंब होऊन उभं राहिलं. सात-आठ वेळा धुतल्यावर कुठे प्यायला लागला. धाग्यातलं नैसर्गिक तेल जावं लागतं. तू म्हणायचीस ना, नवं कापड पाणी पीत नाही, लंगोट जुन्या लुगड्याचाच हवा? त्या गोऱ्या बाईनं मला तेच सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. तुझं ऐकताना कधी वही काढली नव्हती.

दुसरी गोष्ट तुला जास्त आवडेल. रात्री सगळ्यात बाहेरून लोकरीची चड्डी घालतात. प्लास्टिक नाही, रबर नाही, नुसती लोकर. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात ठेवते आणि हाताला कोरडी लागते. आणि ती रोज धुवायची नसते! सकाळी दांडीवर टाकायची, संध्याकाळी तिला वासही नसतो. तीन-चार आठवड्यांनी कोमट पाण्यात धुवायची आणि मेंढीच्या लोकरीतलं जे तेल असतं, लॅनोलिन, ते विरघळवलेल्या पाण्यात बुडवून ठेवायची. ऐकताना मला तुझी धाबळी आठवली. सुती ओवळं होतं, लोकरीला विटाळ नाही, म्हणून पूजेला धाबळी. मी शाळेत असताना यावरून तुझ्याशी भांडले होते. आता माझ्या घरात एक सोवळी चड्डी दांडीवर वाळतेय.

आता आईचे राहिलेले प्रश्न. थंडी वाजते का? नाही. इथे तान्ह्यांच्या खोलीत सोळा ते वीस अंश ठेवा म्हणतात, आणि गोधडीऐवजी खांद्यावर बटणं लावायची झोपायची पिशवी असते, ती लाथेनं निघत नाही. तुझी गोधडी वाया गेलेली नाही, दिवसा जमिनीवर तीच असते. एवढ्या जाड लंगोटानं पाय फाकतील का? नाही गं. खुब्याच्या सांध्याला त्रास होतो तो पाय सरळ करून घट्ट बांधून ठेवल्यानं, बेडकासारखे पाय फाकलेले राहिल्यानं नाही. घरी येणाऱ्या नर्सबाईंनाही विचारलं, त्या हसल्या. पुरळ? एकदा आलं होतं, सप्टेंबरमध्ये. तुला सांगितलं नाही.

धुण्याचं काय ते थोडक्यात. सकाळी उठल्याबरोबर रात्रीचा लंगोट गार पाण्याखाली पिळून काढायचा, कारण अकरा तासांनी त्याला असा काही वास सुटतो की डोळ्यांत पाणी येतं. मग दर दोन दिवसांनी मशीन, साठ अंशांवर. सुवासाचं निळं पाणी अजिबात नाही, त्याचा थर बसून कापड पाणी प्यायचं थांबतं. साबण मात्र कमी लागतो. पुण्याला खडकवासल्याचं तसं मँचेस्टरला थर्लमियर नावाच्या तळ्याचं पाणी, १८९४ पासून. दीडशे किलोमीटर लांबून नुसत्या उतारानं वाहत येतं, वाटेत एक पंप नाही. बाबांना हे सांगायचं कधीचं मनात होतं. आणि पाणी इतकं मऊ की आपल्या सोसायटीच्या बोअरच्या बरोब्बर उलट, फेस जाता जात नाही.

वाळवण्याचं रडगाणं आहे. ऊन नाही. आता चार वाजता अंधार पडतो, डिसेंबरात त्याच्याही आधी. हवेतलं पाणी ओढणारं एक यंत्र घेतलंय, ते कपडे वाळत घालायच्या दांड्यांच्या घोड्याखाली घरघरत असतं. बसायच्या खोलीत सोफा कमी आणि लंगोट जास्त. रात्री दिवा मालवताना ते सगळे पांढरे चौकोन दिसतात आणि मला वाड्याच्या मागची दोरी दिसते. ओव्याच्या धुरीचा वास तेवढा नाही, इथे धूर केला तर छतावरची घंटी बोंबलते.

आणि खरं सांगायचं तर आठवड्यातून दोन रात्री मी डायपरच लावते. शुक्रवारी आणि ज्या दिवशी रडायला येतं त्या दिवशी.

(बाबा, इथून पुढचं आजीला आत्ता वाचू नका.)

परवडतात लिहिलं ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. जानेवारीत आमचे व्हिसा संपतात. गेल्या आठवड्यात तिघांचे अर्ज भरले. त्यात अर्जाची फी वेगळी आणि सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार वेगळा, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, ओजसला ७७६. तीन वर्षांचे एकदम भरायचे. नुसता अधिभारच साडेआठ हजारांच्या वर गेला. आई, रुपयांत करू नकोस, मी केलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. अमेयची कंपनी त्यातलं काही देत नाही. त्यात ओजसच्या पाळणाघराचे पैसे घरभाड्याला टेकलेत. आम्ही अडचणीत नाही. फक्त आत्ता डायपरचा पुडा घेताना मी किंमत बघते, एवढंच.

त्यामुळे सौरभच्या लग्नासाठी मी तीन लाख म्हणाले होते, त्यातले दीड पुढच्या आठवड्यात पाठवते. कार्यालयाचा ॲडव्हान्स त्यातून सुटेल. उरलेले मार्चनंतर. सौरभला माझं नाव सांगून मोठेपणा करू नका, त्याच्या पगारावर त्याला कर्ज काढायला लावू नका, आणि बाबा, तुमची एफडी मोडायची नाही. मोडलीत हे मला कळतंच.

आणि मुख्य गोष्ट. अर्ज चालू असताना देशाबाहेर गेलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. निकालाला आठ आठवडे लागतात म्हणे, कधी जास्त. मुहूर्त फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला. तारीख ठरली त्या दिवशी मी फोनवर 'येते' म्हणाले, तेव्हा मला हे माहीत होतं. तुझा आवाज इतका आनंदात होता की तोंडातून निघालं नाही. मुहूर्त माझ्यासाठी बदलू नका. केतकीच्या घरच्यांनी सगळं ठरवलंय, त्यांच्यापुढे आपली मुलगी म्हणजे अडवणूक असं व्हायला नको.

कुणी इकडे येणारं असेल तर आजीचं एखादं जुनं, अगदी विरलेलं लुगडं पाठव. पार्सल करू नकोस, महाग पडतं.

निकाल आला नाही तर करवली म्हणून मृण्मयीला उभी कर. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात निळी पैठणी आहे, ती तिला दे नेसायला. उलगडून हवा लाव आधी, दोन वर्षं घडी मोडलेली नाही.

नाही, थांब, पैठणी देऊ नकोस. जानेवारीच्या शेवटापर्यंत तरी देऊ नकोस.

तुझी,
मनू