ओझं कमरेवर घेजो

सेमाडोह

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीनं हरिश्चंद्रगड, असा तुमचा बेत आईकडून कळला. खुशाल जाय. फक्त पाठीवरची बॅग विकत घ्यायची घाई करू नको. मैत्रीण सत्तर लिटरची घे म्हणते म्हणे. बॅग मोठी असली की माणूस भरतच सुटतो. तीन-चार दिवसांना ४५ ते ५० लिटर पुष्कळ. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर ओझं जाऊ द्यायचं नाही. तू ५० किलोची, म्हणजे पाण्यासकट १० किलो, बस्स. त्यात दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो तिथंच गेले.

लिटरपेक्षा पाठीचं माप महत्त्वाचं. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी मणक्याचं हाड वर येतं. तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपनं मोजून घेजो. उंचीवर जाऊ नको. तुझे पाय लांब अन् पाठ आखूड, थेट आजीवर गेलीस. रिकामी बॅग दुकानात कोणालाही छान बसते. आत आठ-दहा किलो भरायला लाव अन् जिना चढून-उतरून पाहजो. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

घालताना आधी सगळे पट्टे ढिले कर. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसव अन् आवळ. मग खांद्याचे ओढ, छातीचा शेवटी. पावसाळ्यात जंगलात गस्तीला निघालो की आमचा मुक्काम तिथल्या संरक्षण कुटीवर. पीठमीठ, कपडे, वायरलेस, सगळं पाठीवर. भार कमरेवर असला तर सिपना नदीकाठचा चिखलही तुडवता येतो. खांद्यावर आला की दुपारपर्यंत मान आखडते अन् वाटेवर लक्ष राहत नाही.

आता भरण्याचं. कापूस भरलेली बैलबंडी मागून जड झाली की उलाळ होते, जू वर उचलतं, हे तू वावरात पाहिलेलं आहे. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर बॅगेनं तुला तसंच मागे ओढायला नको. म्हणून शिधा, शेगडी असं जड सामान पाठीला चिकटून, मधोमध. स्लीपिंग बॅग तळाला, कपडे बाहेरच्या अंगाला. रेनकोट, टॉर्च, औषधं वरच्या कप्प्यात. बाटल्या दोन्ही बाजूंना सारख्या. बाहेर काही लटकवू नको. भांडी वाजवत चालणाऱ्याला मी तर गस्तीवर सोबतही घेत नाही.

पावसाचं कव्हर पाठीच्या बाजूनं उघडंच असतं, पाणी तिथूनच आत मुरतं. म्हणून आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लाव अन् सामान त्यात भर. खताची नको, वास जात नाही.

पैसे खात्यात टाकले आहेत. आई जवसाची चटणी पाठवते आहे, तीही काचेच्या बरणीत, ऐकतच नाही. चटणी पिशवीत काढून घेजो अन् बरणी खोलीवरच ठेवजो.

तुझे बाबा