जाळीपलीकडच्या फादरांस

आदरणीय फादर,

सप्रेम नमस्कार. या पत्रावर आपले नाव नाही, माझेही नाही. मी समोर येऊन आभार मानले असते आणि आपण मान जरी हलवली असती, तरी मी पापनिवेदनाला, म्हणजे आपल्यापुढे पापे कबूल करायला, आलो होतो याची ती कबुली ठरली असती. गुप्ततेचे बंधन आपल्यावर आहे, माझ्यावर नाही. म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या त्या संध्याकाळी वसईतल्या आपल्या चर्चमध्ये मी बारा वर्षांनी पापनिवेदनाच्या जाळीसमोर गुडघे टेकले. वडिलोपार्जित वाडीच्या विक्रीत धाकट्या भावाच्या वाट्याचे पैसे मी दडवले होते. पण चुकलेल्या मिस्सा (रविवारच्या उपासना), आळस, रागाच्या भरात दिलेल्या शिव्या अशी किरकोळ पापे मोजण्यातच मी पहिली दहा मिनिटे घालवली. आपण घाई केली नाही. सगळे ऐकून एवढेच विचारलेत, "पैसे अजून तुमच्याकडेच आहेत का?" प्रायश्चित्त म्हणजे तीनदा 'नमो मरिया' ही प्रार्थना आणि सुटका, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. भावाचे भावाला परत करायची मनापासून तयारी आहे का, हे आपण आधी पाहिलेत आणि मगच "मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो" हे शब्द उच्चारलेत. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू न्यायाधीश असतो तसाच वैद्यही, असे कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेचे ९७८ वे कलम सांगते. मी मात्र इतकी वर्षे न्यायाधीशालाच घाबरून दूर राहिलो.

पुढच्या रविवारी भाऊ माझ्या शेजारी उभा असताना आपण आम्हा दोघांशी चर्चच्या गळक्या कौलांविषयी बोललात, आणि आपल्या नजरेत तसूभरही फरक नव्हता. नंतर अंगणात मीच "त्या विषयाचं..." अशी सुरुवात केली, तर आपण म्हणालात, "कोणता विषय? पहिल्यापासून सांगा." खरे सांगतो, मला राग आला होता. जे कानी पडले त्याचा, कोणाला सुगावा लागणार नसला तरी, पापनिवेदकाला जाच होईल असा वापर धर्मगुरूने करू नये, हा नियम मी मागाहून वाचला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या महासभेने, तर गुपित फोडणाऱ्याला पदच्युत करून जन्मभर मठात प्रायश्चित्त करायला लावण्याचे ठरवले होते.

पहिला हप्ता दिला आहे. भावाने नोटा दोनदा मोजल्या, चहाही विचारला नाही. उरलेले दिवाळीपर्यंत देईन आणि मग अंगणात येऊन आपल्याला सगळे पहिल्यापासून सांगेन.

आपल्याच धर्मग्रामातील एक